एक्सक्लॉक बरोबर साडेपाच तास मागे आणि सेकंदकाटा गायब, अभ्यासिकेत लावायचंय, मदत करा

नवीपेठ_अभ्यासिका

नमस्कार मंडळी, नवी पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे, ४८ खुर्च्या, जवळजवळ सगळी एमपीएससीची मुलंमुली. भिंतीवर सेलवालं घड्याळ आहे पण ते मागे पडतं आणि मागच्या रांगेतून काटे दिसत नाहीत. घरी जुना पीसी आणि १७ इंची चौकोनी मॉनिटर पडून होता, भाच्याने त्यावर एक्सएफसीईवालं (म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं) लिनक्स टाकून दिलं आणि म्हणाला एक्सक्लॉक हा स्क्रीनवर घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम चालव, मावशी, हलका आहे, पीसीला झेपेल. तो गेला परत बंगळूरला, आता रोज फोन करून त्याला किती पिडणार.

मला हवंय ते असं. मोठं काट्यांचं घड्याळ, सेकंदकाटा पाहिजेच, काळ्यावर पांढरं, आणि खाली मराठीत वार तारीख. दर रविवारी आम्ही पूर्व परीक्षेसारखा सराव पेपर घेतो, १०० प्रश्न दोन तास, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मुलं उत्तरपत्रिकेतले गोळे भरत असतात तेव्हा त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जाते. तिथे अर्धा मिनिट इकडेतिकडे झालेलं मला चालणार नाही, मुलं वर्ष वर्ष घासतात त्या पेपरसाठी.

आत्ता जी कमांड देतेय ती अशी (मोबाईलवर कीबोर्ड मराठीच आहे म्हणून उच्चारासारखी लिहिलीये, पीसीवर इंग्रजीतच टाकलीये):

टीझेड=एशिया/पुणे एक्सक्लॉक -एचडी व्हाइट -बीजी ब्लॅक

टीझेडचं (म्हणजे टाइमझोनचं) मी कुठेतरी वाचलं की आपल्या गावाचं नाव द्यायचं. तर होतंय काय, घड्याळ येतं पण साडेपाच तास मागे, म्हणजे दुपारी तीन वाजता साडेनऊ दाखवतं. काटे पांढरे होत नाहीत. सेकंदकाटा नाहीच. आणि एरर म्हणून काहीही येत नाही, त्यामुळे चुकतंय कुठे तेच कळेना.

कर्वेनगर_लिनक्स

साडेपाच तासांचा फरक म्हणजे त्या पीसीवर विंडोजपण आहे का? विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स त्याच घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं धरतं, त्यामुळे दोन्ही आलटूनपालटून चालू केले की नेमका एवढाच घोळ होतो. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ करून बघा.

नवीपेठ_अभ्यासिका

नाही हो दादा, विंडोज पूर्ण उडवलंय. आणि वरच्या पट्टीत कोपऱ्यात जे बारीक घड्याळ आहे ते बरोबर आहे! फक्त एक्सक्लॉकच चुकतंय.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन

ताई ते लोकल-आरटीसीचं करू नका. कर्वेनगरकर, तुमचा अंदाज वाईट नव्हता पण विंडोजनंतर लिनक्स चालू केलं तर लिनक्स साडेपाच तास *पुढे* जातं, मागे पडतं ते विंडोज. इथे मागे आहे आणि पट्टीतलं बरोबर आहे, म्हणजे पीसीची वेळ ठीक आहे आणि घोळ त्या कमांडमध्येच आहे.

चूक आहे एशिया/पुणे मध्ये. असं नावच नाहीये. टीझेडमध्ये तुम्ही जे नाव देता त्या नावाची फाइल डिस्कवर असावी लागते, यूएसआर/शेअर/झोनइन्फो या फोल्डरमध्ये. ती सापडली नाही तर सिस्टीम काही ओरडत नाही, गुपचूप यूटीसी धरते, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तुमचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. हे स्वतः बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये हे टाका:

टीझेड=एशिया/पुणे डेट

उत्तरात वेळेच्या पुढे जिथे एरवी आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ) येतं तिथे नुसतं एशिया असं लिहून येईल. माणसाला वाटतं वा, आशिया कळलं त्याला, पण तसं नाहीये, नाव समजलं नाही म्हणून त्याने पहिला तुकडा तसाच छापलाय आणि वेळ यूटीसीची दिलीये. मी नोकरीला लागलो त्या वर्षी याच एका गोष्टीत रात्रीचे तीन तास घालवलेत, एशिया/मुंबई लिहिलं होतं, आणि ते एशिया बघून मी दर वेळी पुढे जात होतो. खात्री करायची सोपी खूण म्हणजे डेट पुढे एक जागा सोडून अधिक चिन्ह, टक्का आणि छोटा झेड. उत्तर +०५३० आलं तर आपली वेळ, +०००० आलं तर नाव चुकलंय.

आपल्यासाठी नाव एशिया/कोलकाता. जुनं एशिया/कलकत्ता पण चालतं. पहिलं अक्षर मोठंच हवं, सगळं छोट्यात लिहिलंत तर परत तोच प्रकार. पण खरं सांगायचं तर तुम्हाला टीझेड लावायची गरजच नाहीये, पीसी आधीच भारतीय वेळेवर आहे, तो शब्द काढून टाका. टीझेड लावायचं ते दुसऱ्या देशाचं घड्याळ शेजारी हवं असेल तेव्हा.

आता सेकंदकाटा. एक्सक्लॉक मूळ सेटिंगला ६० सेकंदांतून एकदाच काटे हलवतं. -अपडेट ला ३० किंवा त्याहून कमी आकडा दिला की सेकंदकाटा आपोआप येतो, त्याच्यासाठी वेगळं बटण शोधू नका. ३० दिलंत तर काटा येईल पण अर्ध्या मिनिटाने उडी मारेल, तुम्हाला १ द्यायचाय.

काट्यांचा रंग. -एचडी बरोबर लिहिलंय तुम्ही, पण तो पर्याय -नोरेंडर सोबत दिला तरच चालतो. नवीन एक्सक्लॉक काटे गुळगुळीत दिसावेत म्हणून रेंडर पद्धतीने काढतं आणि त्या पद्धतीत एचडीकडे बघतच नाही. मॅन एक्सक्लॉक (म्हणजे त्याचं मदतपान) मध्ये एचडीच्या खालीच एका ओळीत लिहिलंय हे पण तिथपर्यंत कोण वाचतो.

म्हणजे तुमची कमांड अशी होईल:

एक्सक्लॉक -नोरेंडर -अपडेट १ -एचडी व्हाइट -एचएल व्हाइट -एफजी व्हाइट -बीजी ब्लॅक -ज्योमेट्री ८८०एक्स८८०+२००+०

एचएल म्हणजे काट्याची कड, एफजी म्हणजे कडेच्या रेघा. एफजी विसरलात तर काळ्यावर काळ्या रेघा, दिसायच्या नाहीत. ज्योमेट्रीत आधी रुंदी उंची, मग डावीकडून किती आणि वरून किती. १७ इंची चौकोनी मॉनिटर बहुतेक १२८० बाय १०२४ असतो, त्यात ८८० चं घड्याळ मधोमध बसवायला दोन्ही बाजूंना २०० राहतात, म्हणून तो २००. अधिकच्या जागी वजा लिहिलं तर उजवीकडून किंवा खालून मोजतं.

नवीपेठ_अभ्यासिका

दादा वेळ आली बरोबर!! सेकंदकाटा पण आला. काय बरं वाटलं सांगू, दोन मुलं अभ्यास सोडून बघायला आली.

तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं, खरंच एशिया लिहून आलं, आणि कोलकाता दिल्यावर आयएसटी आलं. पण एक विचारू का, कोलकाताच का? पुणे नाही, मुंबई नाही, दिल्लीसुद्धा नाही त्या यादीत, मी सगळी बघितली, कराची आहे, काठमांडू आहे.

आणि नोरेंडरने काटे पांढरे झाले पण कडा करवतीसारख्या दिसतात, एवढ्या मोठ्या घड्याळावर ते डोळ्यांना टोचतं. काही करता येईल का?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन

त्या यादीचा नियम असा आहे की १९७० पासून ज्या भागातली घड्याळं सारखीच चालली त्या सगळ्या भागाला एकच नाव, आणि ते एखाद्या मोठ्या शहराचं. अख्ख्या भारतात एकच वेळ, म्हणून एकच नाव. याच्या आधीचा इतिहास मात्र वेगळा आहे, भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली तरी मुंबईने स्वतःची वेळ पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवली, पार १९५५ पर्यंत, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. पुण्याचा हिशेब तुमच्या भूगोलवाल्या मुलांना घाला, प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी, पुणे साधारण ७३.८५ अंशांवर, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. पूर्व परीक्षेला विचारतात असली गणितं.

कडांचं: नोरेंडर काढून टाका आणि रंग कमांडमधून न देता फाइलमधून द्या. होम फोल्डरमध्ये डॉट एक्सरिसोर्सेस नावाची फाइल करा, नावाच्या सुरुवातीला टिंब आहे आणि एक्स आणि आर यातला एक्स मोठा, आर छोटा. त्यात तीन ओळी:

एक्सक्लॉक.क्लॉक.अवरकलर: व्हाइट
एक्सक्लॉक.क्लॉक.मिनिटकलर: व्हाइट
एक्सक्लॉक.क्लॉक.सेकंदकलर: रेड

अवरकलर हा एकच शब्द, त्यातला सी तेवढा मोठा, बाकी सगळं छोटं. मग एक्सआरडीबी -मर्ज आणि पुढे त्या फाइलचं नाव, आणि एक्सक्लॉक बंद करून परत चालू. बंद न करता बघितलंत तर काही बदललेलं दिसणार नाही, ते फाइल फक्त सुरू होताना वाचतं. कडेच्या रेघांसाठी अशाच ओळी मेजरकलर आणि मायनरकलर या नावांनी घाला, मेजर म्हणजे पाच मिनिटांच्या मोठ्या रेघा.

सेकंदकाटा मी मुद्दाम लाल सांगितलाय. तीन काटे एकाच रंगाचे असले की लांबून घाईघाईत बघणारा गडबडतो.

अक्षरवेडी

ताई, वार तारखेसाठी तुम्ही एक्सक्लॉकच्या डिजिटलवर जाल त्याच्या आधी थांबा म्हणून लिहितेय, मी यात हात पोळून घेतलेत.

डिजिटल करता येतं, -डिजिटल द्यायचं, मग -एसटीआरएफटाइम आणि पुढे एकेरी अवतरणात टक्का मोठा ए म्हणजे वार, टक्का डी म्हणजे तारीख, टक्का मोठा बी म्हणजे महिना. पुढे एलसी_टाइम=एमआर_आयएन लावलं की वार महिने मराठीत येतात, पण ते लोकॅल (भाषा आणि देशाची सेटिंग) आधी मशीनवर तयार असावं लागतं, लोकॅल -ए टाकून यादीत एमआर_आयएन दिसतंय का बघा, नसेल तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकॅल्स करून घ्या.

इथपर्यंत सगळं छान. पण एक्सक्लॉक अक्षरं ज्या पद्धतीने काढतं त्यात जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही, एकामागून एक सुटे तुकडे ठेवत जातं. शनिवारचं काय होतं बघा, श, मग न, आणि ऱ्हस्व वेलांटी न च्या आधी यायच्या ऐवजी न च्या मागे, व ला चिकटल्यासारखी. शुक्रवारमधला क्र फुटतो, पाय मोडका क आणि शेजारी आख्खा र. फॉन्ट बदलून काही होत नाही, मी पाच फॉन्ट घालून बघितले, दोष फॉन्टचा नाहीये. आणि तुमच्याकडे मुलं मराठीचा पेपर देणारी, त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर फुटकं शुक्रवार ठेवू नका, मला तरी ते बघवत नाही.

त्यापेक्षा वरच्या पट्टीतलं जे बारीक घड्याळ तुम्ही म्हणालात ना, त्यालाच कामाला लावा. ते अक्षरं जुळवणारी पँगो नावाची लायब्ररी वापरतं, देवनागरी अगदी नीट जुळवतं. त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फॉरमॅट कस्टम करा आणि तेच टक्क्यांचे कोड तिथे लिहा, फॉन्टही तिथेच मोठा करता येतो. पट्टी खाली नेऊन ८० पिक्सेल उंच केलीत की मागच्या रांगेतूनही वार वाचता येतो. फक्त मराठी तारखेचं लोकॅल तेव्हा अख्ख्या सेशनला लावायला लागेल, होममधल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलमध्ये एक्स्पोर्ट एलसी_टाइम=एमआर_आयएन अशी ओळ घाला आणि लॉगआउट करून परत या.

नवीपेठ_अभ्यासिका

अक्षरवेडी ताई किती आभार मानू, तुमचं वाचायच्या आधीच मी डिजिटल करून बघितलं होतं आणि वाटत होतं माझ्याच पीसीत काहीतरी बिघडलंय. शनिवारची वेलांटी अगदी तुम्ही म्हणता तशीच. आता पट्टी खाली घेतली, वार स्वच्छ दिसतोय.

एक शेवटचं राहिलं. सकाळी साडेसहाला अभ्यासिका उघडायला एक मुलगी येते, तिला टर्मिनल वगैरे सांगण्यापेक्षा पीसी चालू केला की घड्याळ आपोआप यायला हवं. मी दोन घड्याळं ठेवायचं ठरवलंय, एक मोठं आणि कोपऱ्यात छोटं यूटीसीचं, मुलांना प्रमाणवेळ समजवायला. सेशन अँड स्टार्टअपमध्ये जाऊन टीझेडवाली कमांड तशीच टाकली तर ते घड्याळ आलंच नाही. मग दोन्ही कमांड एका फाइलमध्ये लिहिल्या आणि ती लावली तर मोठं आलं, छोटं नाही. मोठं बंद केलं की मग छोटं येतं!

कर्वेनगर_लिनक्स

हे मला येतं, मागच्या वेळचं भरून काढतो.

स्टार्टअपमधली कमांड टर्मिनलसारखी चालत नाही, मध्ये शेल (टर्मिनलमधल्या कमांडचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम) नसतो. त्यामुळे टीझेड=... हे तिला प्रोग्रॅमचंच नाव वाटतं, आणि त्या नावाचा प्रोग्रॅम नाही म्हणून काहीच होत नाही. तिथे सुरुवातीला ईएनव्ही हा शब्द लावायचा, ईएनव्ही टीझेड=यूटीसी एक्सक्लॉक असं, की चालतं. टक्क्याचं चिन्ह असेल तर तेही तिथे दोनदा लिहावं लागतं. म्हणून फाइल करायचा तुमचा विचारच चांगला, फाइलमध्ये या कटकटी नाहीत.

फाइलमध्ये राहिलंय ते प्रत्येक ओळीच्या शेवटी अँडचं चिन्ह. ते नसलं की पहिलं एक्सक्लॉक बंद होईपर्यंत फाइल पुढच्या ओळीवर जातच नाही, म्हणून मोठं बंद केल्यावर छोटं येतंय. फाइल अशी करा:

#!/बिन/एसएच
एक्ससेट एस ऑफ
एक्ससेट -डीपीएमएस
एक्सक्लॉक -अपडेट १ -बीजी ब्लॅक -ज्योमेट्री ८८०एक्स८८०+२००+० &
टीझेड=यूटीसी एक्सक्लॉक -अपडेट १ -बीजी ब्लॅक -टायटल यूटीसी -ज्योमेट्री १८०एक्स१८०-०+० &

वरच्या दोन एक्ससेटच्या ओळी मॉनिटर झोपू नये म्हणून, नाहीतर पेपर चालू असताना कोणी माउस हलवला नाही की स्क्रीन काळी. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्येही डिस्प्ले बंद करायची वेळ नेव्हर करा, तो कधीकधी आपलंच खरं करतो. फाइलला सीएचमॉड +एक्स करा (म्हणजे ती चालवता येते) आणि स्टार्टअपमध्ये तिचा पूर्ण पत्ता द्या, स्लॅशहोमपासून. आणि -चाइम चुकूनही लावू नका, तासाला दोनदा आणि अर्ध्या तासाला एकदा बीप करतं.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन

कर्वेनगरकर, बरोबर. ताई, एक मी आधीच विचारायला हवं होतं. त्या पीसीला इंटरनेट आहे का आणि रात्री मेन स्विच बंद करता का?

नवीपेठ_अभ्यासिका

इंटरनेट नाही, मुद्दाम घेतलं नाही. स्विच बंद करतो रोज. का हो? परवा गुरुवारी दुपारी लाइट गेली होती, आली तेव्हा पीसी चालू केला तर तारीख भलत्याच वर्षाची, मी हाताने नीट केली.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन

मग एक्सक्लॉक कितीही नीट लावलं तरी उपयोग नाही, आधी सेल बदला. एक्सक्लॉक स्वतः वेळ ठेवत नाही, पीसी सांगेल ते दाखवतं, आणि वीज नसताना पीसीची वेळ मदरबोर्डवरचा एक सेल सांभाळतो. नाण्याएवढा, सीआर२०३२ लिहिलेला, ३ व्होल्टचा. तुमचा मेलाय. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल, किंवा वजनकाटा रिमोट विकणाऱ्यांकडे. पीसीची वायर काढा, कॅबिनेट उघडा, सेलच्या कडेला छोटी पट्टी असते ती नखाने मागे सरकवली की सेल वर येतो. अधिक चिन्ह वर ठेवून नवा बसवा.

नंतर एकदा मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन पीसी दहा मिनिटं नेटवर ठेवा. टाइमडेटसीटीएल टाकल्यावर सिस्टीम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड: येस असं आलं की सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू करा, म्हणजे ती नेमकी वेळ मदरबोर्डच्या घड्याळात उतरते. मग हॉटस्पॉट बंद. ते घड्याळही दिवसाला थोडं सरकतंच, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी हे एकदा करत जा, रविवारच्या पेपरच्या आदल्या दिवशी.

नवीपेठ_अभ्यासिका

उशिरा लिहितेय, माफ करा. सेल त्याच दिवशी आणला, बसवताना हात थरथरत होते पण पट्टी सरकवली आणि निघाला. शनिवारी हॉटस्पॉटवर वेळ जुळवली, येस आलं, मग एचडब्ल्यूक्लॉकची कमांड दिली. रात्री स्विच बंद, सकाळी सहा पस्तीसला त्या मुलीचा फोटो आला, दोन्ही घड्याळं आपोआप उघडलेली, खाली रविवार नीट लिहिलेला.

पेपर ११ ते १ होता. एक वाजायला पाच मिनिटं असताना मी मागे उभी राहिले. नेहमी त्या वेळी कोणीतरी विचारतं मॅडम किती राहिले, आज एकानेही मान वळवून विचारलं नाही, नजर वर जायची, लाल काटा बघायचे आणि परत खाली गोळ्यावर. शेवटच्या रांगेतली जी मुलगी चष्मा असूनही भिंतीवरचं वाचू शकायची नाही ती पेपर देताना म्हणाली, आज पहिल्यांदा सगळे गोळे भरून झाले.

एक मुलगा ते ३५ मिनिटांचं गणित घालून बसला होता, यूटीसीच्या घड्याळाखाली कागद लावलाय त्याने.

रात्रपाळी दादा, उत्तरपत्रिका तपासून झाल्या की तो डॉट एक्सरिसोर्सेसचा भाग परत करणार आहे, सेकंदकाट्याचा लाल रंग ट्यूबलाइटमध्ये थोडा गडद दिसतो. ऑरेंज लिहिलं तर चालेल ना?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन

चालेल. ऑरेंज नावानेच चालतो. बदलल्यावर एक्सआरडीबी -मर्ज विसरू नका.